वाशिष्ठीच्या काठावरची पट्टी: पाणी आणि मासळीच्या वर्षभराच्या नोंदी

कोणाला आपल्या खाडीवर असंच काही करायचं असेल तर या नोंदींचा उपयोग होईल. जागा: चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या खाली, वाशिष्ठीचा काठ, जिथे भरतीही पोचते आणि वरून नदीचं गोडं पाणीही येतं. साधनं: एक होडी, एक पाग (हाताने फेकायचं जाळं), दोन कांडाळी (पाण्यात उभी लावायची जाळी), एक वही. मी एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस. मासेमारी लहानपणी केलेली, मधे तीस वर्षं सुटलेली.

4 जून 2023, रविवार (पौर्णिमा)

गावी परत आल्यापासून शेजारचे तात्या एकच सांगतात, "पानी बगून जालं टाक." कुठलं पाणी, किती पाणी, हे विचारलं की हसतात. म्हणून ठरवलं, वर्षभर पाण्याची उंची लिहायची, त्यासमोर मासळी लिहायची, आणि दोन्हीचा मेळ लागतो का ते बघायचं.

घरच्या बेटातला बारा फुटी बांबू तोडला. लाल-पांढरा तेलरंग आणून दर 10 सेंटीमीटरला पट्टा मारला. रंगाचे दोन डबे 340 रुपये. धक्क्याच्या शेवटच्या पायरीजवळ चिखलात ठोकला आणि जुन्या खुंटाला नायलॉनच्या दोरीने बांधला. अडीच तास गेले. ही माझी पाण्याची पट्टी. सकाळी 7 ला पहिली नोंद: 48 सेंटीमीटर.

चूक लगेच दिसली. बांबू ओला होता, त्यावरच रंग मारला. संध्याकाळी खालच्या चार पट्ट्यांची सालं निघाली. बांबू आठ दिवस सावलीत वाळवायला हवा होता.

10 जून

बाहेर समुद्रात बिपरजॉय वादळ. यांत्रिक नौकांना 1 जूनपासून बंदी आहेच, ती 31 जुलैपर्यंत. आमची वल्ह्याची होडी खाडीत चालते. आज पट्टीवर 162. सहा दिवसांत 114 सेंटीमीटर वाढ, आणि पाऊस तर नावालाही नाही. वहीत लिहिलं, "वादळामुळे पाणी चढलं." (हे वाक्य पुढे खोडावं लागलं. तसंच ठेवलंय, बघायला बरं.)

26 जून

काल रात्री पाऊस खरा सुरू झाला. पऱ्ह्याला (ओढ्याला) पहिलं लाल पाणी आलं आणि वाडीतली अर्धी माणसं बॅटऱ्या घेऊन शेतात. चढणीचे मासे, म्हणजे अंडी घालायला पहिल्या पाण्याबरोबर वर चढणारे. मीही गेलो, नाही म्हणत नाही. दोन तासांत चौदा मिळाले. घरी बायकोने साफ करताना एकेक करून गाबोळी (अंडी) बाजूला काढून ठेवली: चौदांपैकी अकरांत. ताटलीभर गाबोळी बघून जेवण गोड लागलं नाही. तात्या म्हणाले, त्यांचे वडील पऱ्ह्यात आडवं काही लावायचे नाहीत, हाताला लागेल तेवढंच घ्यायचे. आता लोक पऱ्ह्याच्या तोंडालाच जाळं बांधतात आणि वर एक मासा जाऊ देत नाहीत.

यापुढे चढणीच्या नोंदी ठेवेन, पण मासे धरणार नाही.

पट्टी: 190.

2 जुलै

चार आठवड्यांची वही आलेख कागदावर उतरवली. सुंदर लाट आली. 4 जूनला खाली, 10-11 ला वर, 18 ला परत खाली (51), 26 ला वर. पुतण्याला कौतुकाने दाखवलं की बघ, नदी दर पंधरा दिवसांनी चढते-उतरते.

तात्यांनी कागद उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "पुनवंला उधान आस्तं ना? मंग तुज्या वहीत पुनवंला नदी सुकलेली कशी?"

डोकं तिथेच भानावर आलं. मी रोज सकाळी 7 ला नोंद घेत होतो, चहा झाल्यावर, सोयीची वेळ म्हणून. भरती मात्र रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला सकाळी 7 ला आमच्याकडे नेमकी सुकती (ओहोटी) असते आणि अष्टमीला 7 ला नेमकी भरती. मी महिनाभर नदी मोजतच नव्हतो, चंद्र मोजत होतो. वादळाच्या खात्यावर टाकलेले ते 114 सेंटीमीटर म्हणजे उधाणाची सुकती आणि भांगाची (अष्टमीच्या आसपासची, कमी जोराची) भरती यांच्यातला फरक.

अठ्ठावीस दिवसांच्या नोंदी बाद. कोणी करणार असाल तर हे आधी वाचा: खाडीत ठरलेल्या घड्याळी वेळेला घेतलेली पाण्याची उंची काही कामाची नाही.

नवी पद्धत. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, ती भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला 3, अष्टमीला 6, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. आमची जागा खाडीच्या तोंडापासून बरीच आत, त्यामुळे आमच्याकडे या हिशेबाच्या तासभर उशिरा पाणी ठरतं, म्हणजे चढ-उतार थांबतो. दिवसातून दोन नोंदी: एक भरती ठरल्यावर, एक सुकती ठरल्यावर. नदी बघायची तर सुकतीचा आकडा बघायचा, कारण समुद्र मागे हटल्यावर जे उरतं ते नदीचं. तेही अमावास्येचा आकडा अमावास्येशी, अष्टमीचा अष्टमीशी ताडायचा. घरात आता कालनिर्णय माझ्या खुर्चीशेजारी टांगलंय आणि बायकोची दुधाची खाडाखोड माझ्या भरतीच्या वेळांत मिसळलीय.

19 ते 21 जुलै

पाऊस थांबायचं नाव नाही. 17 ला अमावास्या झालेली, म्हणजे उधाणाचेच दिवस. 19 ला दुपारी अडीचच्या सुमारास भरती होती. वरून पूर, खालून भरती, पाण्याला जायला वाट नाही. पाणी अंगणाच्या दुसऱ्या पायरीला लागलं. 22 जुलै 2021 ची खूण आमच्या पडवीच्या भिंतीवर माझ्या खांद्याला आहे, आणि तेव्हाही पौर्णिमा एक-दोन दिवसांवर होती. त्यामुळे रात्री कोणी झोपलं नाही. त्याच रात्री तिकडे खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड आली. सकाळी बातमी बघितल्यावर पट्टीबिट्टीचं काही वाटेना.

20 ला पाणी जरा उतरल्यावर धक्क्यावर गेलो. बांबू नाही. खुंटही नाही. दोरीचा एक तुकडा पायरीच्या कडीत अडकलेला.

23 जुलै

बांबू गेल्याचं दुःख नाही, फुकटचा होता. शून्य गेलं हे खरं नुकसान. बांबूवरचा शून्याचा पट्टा कुठल्या पक्क्या वस्तूच्या किती खाली होता हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. आता नवी पट्टी उभी केली तरी जुन्या आकड्यांशी तिचा संबंध नाही.

फोनमध्ये दोन फोटो सापडले, पुतण्याने होडीचे काढलेले, त्यात मागे बांबू आणि धक्क्याच्या पायऱ्या दिसतात. पायरीची उंची मोजली, फोटो मोठा करून पट्टे मोजले आणि शून्य परत बसवलं. पाचेक सेंटीमीटर इकडेतिकडे असणार. चालवून घेतलं.

27 जुलै

शून्याची खूण धक्क्यावरून घराच्या जोत्यावर न्यायची होती, म्हणजे पुन्हा धक्काच तुटला तरी खूण राहील. वाडीतल्या गवंड्याकडून लेव्हल पाइप आणला. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक इथे, एक तिथे, दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर उभं राहतं. सोपं वाटतं. पहिल्यांदा एक आकडा आला, दुसऱ्यांदा 9 सेंटीमीटर वेगळा, तिसऱ्यांदा आणखी वेगळा. तीन तास गेले. शेवटी गवंडीच आला, नळी उन्हात धरून बघितली आणि बोटाने दाखवलं: मधल्या वळणात करंगळीच्या पेराएवढा हवेचा बुडबुडा. नळी एका टोकाकडून हळूहळू उचलत, टिचक्या मारत तो बाहेर काढला. मग तीनदा मोजलं, तिन्ही वेळा अर्ध्या सेंटीमीटरच्या आत.

आता जोत्याच्या कोनाड्याच्या दगडावर छिन्नीने रेघ आहे आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, शून्य त्या रेघेच्या किती खाली. हे काम पहिल्या दिवशी पाऊण तासात झालं असतं.

3 ऑगस्ट

बंदी उठली, पण अधिक श्रावण लागलाय. यंदा नारळी पौर्णिमा थेट 30 ऑगस्टला. मासे खाणारे निम्मे, धरणारे तेवढेच.

नवी पट्टी बसवली. चार इंची पीव्हीसी पाइप, दहा फूट, 780 रुपये. धक्क्याच्या भिंतीला स्टेनलेसचे क्लॅम्प आणि बोल्ट, 420 रुपये. साधे लोखंडी बोल्ट घेऊ नका, खाऱ्या पाण्यात ते सहा महिन्यांत गळतात हे वर्कशॉपवाल्याला तरी सांगायला नको. पाइपाच्या खालच्या भागात आठ बारीक भोकं पाडली आणि आत थर्माकोलच्या गोळ्यावर बारीक काठी उभी केली. बाहेर लाटा असल्या तरी आत पाणी शांत राहतं, काठी वरच्या मोजपट्टीवर आकडा दाखवते. दोन दिवसांचं काम. यावर मी खूश आहे.

6 ऑगस्ट

मासळीचं. पुराच्या पाण्यात जाळं कधी टाकायचं याचा धडा 3,600 रुपयांना पडला.

सुकतीचा आकडा दोन दिवस चढत होता, पाणी तांबडं, म्हटलं जाळं माशाला दिसणार नाही, हीच वेळ. कांडाळ मुख्य प्रवाहाच्या कडेला लावली. तासाभरात वरून फणसाचा ओंडका आला, मुळासकट, आणि कांडाळ घेऊन दाभोळकडे, खाडीच्या तोंडाकडे गेला. होडी वाचली ती तात्यांनी ओरडून दोरी कापायला लावली म्हणून.

तात्यांचं म्हणणं असं: पाणी चढत असताना मासा पसरलेला असतो. शेतात, पऱ्ह्यांत, झाडीत, कुठेही. त्याला शोधायला जाऊ नये. पाणी उतरायला लागलं की शेतातलं पाणी पऱ्ह्याने परत येतं, त्याबरोबर बारीक मासा येतो, आणि त्याला खायला मोठा मासा पऱ्ह्याच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. तिथे, कडेच्या संथ पाण्यात, पाग टाकावा.

आज दुपारी ते करून बघितलं. सुकतीचा आकडा कालपेक्षा 22 ने कमी. पऱ्ह्याच्या तोंडाला सात वेळा पाग टाकला: दोन शिंगाळे, एक जिताडा सव्वा किलोचा, बाकी पानं आणि एक चप्पल. चप्पल डाव्या पायाची. बायकोने विचारलं उजवी कधी आणणार.

वहीत एक रकाना वाढवला. नुसता आकडा पुरत नाही. बाण लिहायचा, वर की खाली.

14 ऑगस्ट

पाऊस गायब. शेतं तडकली. (वर्ष संपताना कळलं, देशात 1901 पासूनचा हा सर्वांत कोरडा ऑगस्ट.) सुकतीचा आकडा रोज तीन-चारने उतरतोय.

क्षार मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर मागवला, 1,850 रुपये. कोळंबी प्रकल्पवाले वापरतात तो. काचेवर दोन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, निळी रेघ जिथे संपते तो आकडा. आधी डिस्टिल्ड वॉटरवर शून्य जुळवायचा. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं, 40 रुपयांची बाटली वर्षभर पुरते. मी पहिल्या दिवशी विहिरीच्या पाण्यावर जुळवला, तोही कामचुकारपणा.

धक्क्यावरून पाणी घेतलं: 2 (हजार भागांत दोन भाग क्षार). म्हणजे गोडंच.

17 ऑगस्ट

भांडण. मी म्हणतोय खाडी गोडी आहे, तात्यांच्या डोलीत (प्रवाहात लावायच्या पिशवीसारख्या जाळ्यात) कोळंबी आलीय. कोळंबी गोड्या पाण्यात ऑगस्टात इतकी वर कशी येईल? तात्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं, थुंकले. "हे वरचं. खालचं चाक."

खालचं कसं चाखणार? एका बाटलीच्या बुडाला दगड बांधला, गळ्याला दोरी, बुचाला वेगळी बारीक दोरी. बाटली तळाला गेल्यावर बुचाची दोरी ओढायची, बुडबुडे येतात, बुडबुडे थांबले की वर काढायची. पहिल्या तीन वेळा बूच निघालं नाही, इतकं घट्ट बसवलं होतं. चौथ्यांदा बुचाबरोबर बाटलीच सुटली. पाचव्यांदा बाटली कोल्ड्रिंकची, बूच रबराचं, इंजेक्शनच्या बाटलीचं. चाललं.

वर 2, तळाला 11.

खारं पाणी जड, ते तळातून सरपटत वर येतं, गोडं त्याच्या पाठीवरून खाली वाहतं. वरून बघणाऱ्याला नदी दिसते, तळाशी खाडी असते. आणि कोळंबी तळाशी. चाळीस वर्षं डोल लावणाऱ्याला हे जिभेने माहीत होतं, मला 1,850 रुपयांनी कळलं. तेव्हापासून प्रत्येक नोंदीत दोन क्षार: वरचा आणि तळाचा.

18 ते 24 सप्टेंबर

गणपती. नोंदी नाहीत. मुंबईहून अकरा माणसं घरात, वही कुठे होती तेही आठवत नाही.

26 सप्टेंबर

पाऊस परत आला आणि चांगला आला. सुकतीचा आकडा चढला, क्षार वरच्या पाण्यात 0, तळाला 1. तात्यांची डोल रिकामी. महिनाभर आत आलेली खारी चार दिवसांत धुऊन गेली, कोळंबीही तिच्यामागे खाली गेली. खालच्या गावातल्यांना या चार दिवसांत भरपूर मिळाली म्हणे. म्हणजे मासळी गेली नव्हती, सरकली होती. आम्ही होडी खाली नेली नाही. आळस.

ऑक्टोबर, एकत्र

आकडा सावकाश उतरतोय. रोज नोंदण्यासारखं काही नाही. पाणी निवळतंय. निवळलं की कांडाळीला दिवसा काही लागत नाही, मासा जाळं बघतो आणि वळतो. पाच दिवस दिवसा लावली: एकूण तीन बोयटं. त्याच जागी रात्री लावली, 14 ऑक्टोबरची अमावास्या धरून दोन रात्री: बोयटं एकोणीस, एक पालू, काळुंदर चार. पाणी पारदर्शक झालं की काळोख पाहिजे. हे नियम म्हणून लिहायला हरकत नसावी.

एक तक्रार पुरापासून लिहायची राहिली होती. 2021 नंतर वर चिपळुणात वाशिष्ठीतला आणि शिवनदीतला गाळ काढला. पुराच्या दृष्टीने ते हवंच होतं. पण त्यानंतर आणि नंतरच्या पावसाळ्यांत आमच्याकडचा तळही बदलला असं तात्यांचं मत. त्यांच्या जुन्या तीन खुणांपैकी एकाच जागी आता खोल पाणी आहे. मी काठी घालून बघितलं, एका "डोहात" माझ्या कमरेएवढं पाणी. जुन्या माणसाची खूण विचारा, पण जाळं टाकण्याआधी काठी घाला.

20 डिसेंबर

वैताग. पाऊस जाऊन अडीच महिने झाले. आता सुकतीचा आकडा फक्त तिथीप्रमाणे हलायला हवा. पण तो मधेच 15-20 ने वरखाली होतो. ढग नाहीत, वारा नाही. पाइप तपासला, गोळा तपासला, जोत्यावरच्या रेघेपासून शून्य परत मोजलं. सगळं जागेवर.

14 जानेवारी 2024, रविवार

संक्रांत उद्या. एक गोष्ट लक्षात आली, आकडा सहसा रविवारी आणि सुट्टीला खाली असतो. नदीला रविवार कसा कळतो?

तात्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "पोफलीचं पानी."

म्हणजे कोयनेचं. लहानपणापासून माहीत असलेली गोष्ट, पण या वहीशी कधी जोडली नव्हती. कोयना नदी घाटावरची, कृष्णेला मिळणारी. तिचं धरणात अडवलेलं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून खाली कोकणात सोडतात, पोफळीला, मग कोळकेवाडीला वीज करतात (सगळे टप्पे मिळून 1,960 मेगावॉट), आणि वीज काढून झालेलं पाणी वाशिष्ठीत येतं. कोकणातल्या बाकीच्या बहुतेक नद्या फेब्रुवारीत गुडघाभर डबकी होतात, आमची वाहत असते ती या पाण्यावर. आणि विजेची मागणी जशी, तसं पाणी.

अलोऱ्याला, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत, एक ओळखीचे आहेत, त्यांना फोन केला. ते म्हणाले, संध्याकाळी मागणी वाढली की जास्त चालतं, सुट्टीला कमी. यापेक्षा जास्त काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

2 फेब्रुवारीची रात्र (पौष वद्य अष्टमी)

प्रत्यक्ष बघायचं ठरवलं. मुद्दाम अष्टमी निवडली. भांगाचे दिवस, समुद्राचा जोर कमी, तेव्हा नदीचं काही असेल तर दिसेल. हिशेबाने सुकती रात्री एकच्या पुढे ठरायला हवी. कानटोपी, थर्मास, पुतण्या. दर पंधरा मिनिटांनी आकडा.

10:30 ला 88. 11 ला 82. 11:30 ला 77. 12 ला 73. तळाचा क्षार 13. दरम्यान पाग टाकला, दोन तांबोशी, तळहाताएवढ्या.

12:15 ला 71. 12:30 ला 71. म्हटलं ठरलं, जरा लवकरच. 12:45 ला 74. पुतण्या म्हणाला, भरती लागली.

मी बॅटरी पाण्यावर मारली. वर एक नारळाची पेंढी वाहत होती, फेसाची एक रेघ होती. दोन्ही अजून खालीच चाललेली, दाभोळकडे, आणि चांगल्या वेगाने. भरती लागली असती तर पेंढी थांबायला किंवा वर वळायला हवी होती. पाणी चढत होतं आणि तरी समुद्राकडेच वाहत होतं. हे समुद्राचं चढणं नव्हे. हे वरून आलेलं पाणी.

1:15 ला 79, पेंढ्या अजून खालीच. 1:45 ला 83. तळाचा क्षार 8. पाग सहा वेळा, काही नाही. दोनच्या पुढे फेस थांबला, मग वर वळला. ती खरी भरती.

पुतण्या तिथेच पोत्यावर झोपला होता. त्याला उठवून पेंढीचं सांगितलं, तो म्हणाला काका, उद्या सांगा.

पुढच्या बारा दिवसांत आणखी चार रात्री बसलो. त्यांपैकी तीन रात्री हेच, एका रात्री (रविवारची) नाही. पाच रात्रींवरून पक्कं विधान करणार नाही, पण मी आता असं करतो: हिवाळा-उन्हाळ्यात तांबोशीसाठी रात्री उशिराची सुकती सोडतो, पहाटेची भरती लागून तासभर झाला की जातो. मोसमातली सगळ्यात चांगली तांबोशी, पावणेदोन किलोची, अशीच फेब्रुवारीत एके दिवशी पहाटे मिळाली, तळाचा क्षार 15 असताना. आणि तो रविवार होता.

पेंढीची युक्ती फुकट आहे. पट्टी नसली तरी चालते. पाण्याची कड दगडावर चढतेय आणि पालापाचोळा बराच वेळ समुद्राकडेच जातोय, तर ते बहुधा नदीचं पाणी.

9 मार्च

एक मगर धक्क्याच्या पलीकडच्या चिखलावर सकाळपासून तोंड उघडून पडलीय. वाशिष्ठीत मगरी आहेत, नवल नाही, पण ती नेमकी पाइपापासून पंधरा फुटांवर आहे. सुकतीची नोंद घेतली नाही. भरतीची घेतली, लांबून, दुर्बिणीने.

22 मार्च

सोळा दिवसांच्या नोंदी संशयास्पद. आकडा भरतीला कमी आणि सुकतीला जास्त दाखवायला लागला होता, म्हणजे उधाणातही पाणी जणू हलतच नाही. पाइप उघडला. आठांपैकी सहा भोकं चिखलाने आणि बारीक कालवांनी बंद. आतलं पाणी बाहेरच्यामागे धावत होतं आणि पोचायच्या आत वेळ संपत होती. खिळ्याने साफ केली, दोन भोकं मोठी केली. पावसाळ्यात गोड्या पाण्यात हा त्रास झाला नव्हता. क्षार वाढला की कालवं बसतात. आता दर पंधरवड्याला, अमावास्या-पौर्णिमेच्या सुकतीला, खिळा घेऊन जायचं.

त्या सोळा दिवसांसमोर वहीत लाल रेघ मारली. आकडे खोडले नाहीत.

5 एप्रिल

सकाळी पाण्याला उग्र वास, रंग चहासारखा. काठाला बोयटं पोट वर करून, मी मोजली तेवढी साठ-सत्तर. भांगाचे दिवस, पाण्याला हालचाल कमी, ऊन कडक. कोणी काय सोडलं हे मला माहीत नाही आणि माझी पट्टी ते मोजत नाही. रकाना नव्हता म्हणून समासात लिहिलं. दोन दिवस कोणी मासे विकत घेतले नाहीत, कुठून आणले हेही विचारलं नाही कोणी.

8 मे (अमावास्या)

उधाण. भरती 254, सुकती 44. वर्षातला सगळ्यात मोठा फरक, 210. तळाचा क्षार 18, हाही वर्षातला सर्वांत जास्त. गोल जाळी लावली, खेकडे नऊ, त्यांतले सहा पोकळ. अमावास्येला भरलेले मिळतात असं तात्या सांगतात. आजचे नव्हते. ते म्हणाले, या खेकड्यांना कालनिर्णय दिलं नसेल.

26 मे

खर्च, विचारणाऱ्यांसाठी: रंग 340, पाइप 780, क्लॅम्प-बोल्ट 420, रिफ्रॅक्टोमीटर 1,850, डिस्टिल्ड वॉटर 40, दोन वह्या 120, गेलेली कांडाळ 3,600. एकूण 7,150 रुपये. कांडाळ गेली नसती तर 3,550. रिफ्रॅक्टोमीटर घेतला नाही तरी चालेल, जीभ वापरा, पण तळाचं पाणी काढायची बाटली करा. तिला एक पैसा लागत नाही. फक्त वास येत असेल त्या दिवशी जीभ लावू नका.

मासळी विकून साडेपाच हजार आले, घरी खाल्लेली धरलेली नाही.

1 जून

आकाश भरून येतंय. सुकतीला पाइप उतरवून गोठ्यात आडवा टांगला, बोल्टांना ग्रीस लावलं. आत एक मुठीएवढा खेकडा निघाला. भोकातून आत गेला तेव्हा नखाएवढा असणार. त्याला खाडीत सोडलं.

धक्क्याच्या भिंतीवर या वेळी छिन्नीनेच खुणा केल्यात, दर 10 सेंटीमीटरला, रंग नाही. पूर येईल तेव्हा घराच्या पडवीतून दुर्बिणीने वाचता येतील. आजची पहिली नोंद, सुकती ठरल्यावर: 58, बाण खाली, वर 6, तळाला 14.

तात्या डोल वाळत घालतायत.